वेलचीच्या डोंगरात: मुंबईहून जाऊन इडुक्कीचे मसाल्याचे मळे नीट कसे बघावेत

मुंबईतून निघणाऱ्या केरळच्या बहुतेक सहलींत मसाल्याच्या बागेच्या वाट्याला एक तास येतो. मुन्नारहून तेक्कडीला जाताना गाडी रस्त्याकडेच्या एका फाटकाशी थांबते. तिकीट काढलं की माहितगार माणूस वीस-पंचवीस झाडं दाखवतो, पान चुरगळून नाकाशी धरायला देतो, आणि शेवटी वाट दुकानात निघते. त्या तासाला मी नावं ठेवणार नाही. लहान मुलं बरोबर असतील तर मिरी, लवंग, जायफळ, दालचिनी एका जागी बघायला मिळतात, हे थोडं नाही. पण ती बाग दाखवण्यासाठीच लावलेली असते. मसाला तोडतं कोण, वाळतो कुठे, त्याचा भाव ठरतो कसा, यातलं काही तिथे दिसत नाही.

म्हणून माझा सल्ला असा: एक मसाला धरा, त्याच्या तोडणीच्या दिवसांत जा आणि त्याच्या मागोमाग मळ्यापासून लिलावापर्यंत फिरा. बाकीचे मसाले वाटेत भेटतातच. सहलीच्या तारखा सुट्टी बघून न ठरवता पीक बघून ठरवल्या की निम्मं काम झालं. इडुक्की जिल्ह्यातला कुमळी (तेक्कडीला लागूनचं गाव), वंडनमेडू, नेडुंकंडम हा डोंगराळ पट्टा यासाठी सगळ्यांत चांगला. या डोंगरांना वेलचीचे डोंगर असंच म्हणतात.

निघण्याआधी: घरातला डबा आणि लालबाग

तयारी मुंबईतच सुरू करा. मालवणी मसाल्याची किंवा गोडा मसाल्याची घरातली यादी काढा आणि त्यातलं काय कुठून येतं ते आधी समजून घ्या, म्हणजे केरळात जाऊन चुकीची झाडं शोधणार नाही. धणे, जिरे, बडीशेप ही गुजरात-राजस्थानच्या कोरड्या शेतांतली पिकं. बेडगी मिरची कर्नाटकातली. हिंग येतो अफगाणिस्तान-इराणकडून. मोठी काळी मसाला वेलची सिक्कीम, दार्जिलिंगच्या बाजूची. ती हिरव्या वेलचीच्याच कुळातली असली तरी वनस्पती वेगळी. दगडफूल हे फूलच नाही, झाडांच्या सालीवर आणि खडकांवर शेवाळासारखं वाढणारं लायकेन आहे, म्हणूनच ते ओरबाडून काढतात. तिरफळ तर आपल्याच सह्याद्रीतलं. राहिले वेलची, मिरी, जायफळ-जायपत्री, लवंग, दालचिनी, आलं, हळद. इडुक्कीत बघायचे ते हेच.

मग एक सकाळ लालबागच्या मसाला गल्लीत घालवा, किंवा नवी मुंबईत राहत असाल तर तुर्भ्याच्या मसाला मार्केटात. मार्च-एप्रिलात तिथे वर्षाच्या मसाल्याची गर्दी असते, दुकानदाराला बोलायला सवड नसते. इतर दिवसांत जा. वेलचीचे दोन-तीन आकार आणि मिरीचे दोन प्रकार पन्नास-पन्नास ग्रॅम घ्या. भाव लिहून ठेवा. घरी एकेक वेलची सोलून दाणे बघा, चावून बघा. हा नमुना पुडीत बांधून प्रवासात बरोबर न्या. मळ्यातल्या ताज्या मालाशी तो ताडून बघितला की दर्जा म्हणजे काय, ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

कोणता मसाला, कोणता महिना

वेलची धरायची असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबर. तोडणी जुलै-ऑगस्टला सुरू होते आणि जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते, कारण एका झुडपाची सगळी फळं एकदम पिकत नाहीत. महिना-दीड महिन्याने त्याच मळ्यात पुन्हा फेरी होते. भर असतो तो पाऊस ओसरल्यानंतरच्या महिन्यांत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे परतीच्या वाऱ्यांचा पाऊस असतो, बहुधा दुपारनंतर गडगडाटासह येतो. सकाळी मळ्यात आणि दुपारी छपराखाली, असा दिवस आखला की अडत नाही.

मिरी बघायची तर डिसेंबर ते फेब्रुवारी. उंचावरच्या मळ्यांत मार्चपर्यंतही तोडणी चालते. या महिन्यांत हवा कोरडी, अंगणात मिरी पसरलेली आणि डोंगर स्वच्छ दिसणारे. पहिल्यांदाच जाणाऱ्याला मी जानेवारीचा उत्तरार्ध सुचवेन: मिरी भरात असते, वेलचीची शेवटची फेरी कुठेतरी सापडते, लवंगेच्या कळ्या तोडायचे दिवसही तेच.

जायफळाचा मुख्य हंगाम पावसाळ्यातला, जून ते ऑगस्ट, आणि ते खालच्या उंचीवर अधिक चांगलं येतं. तोडुपुळा, मूवाट्टुपुळा या पट्ट्यातून डोंगर चढताना घरोघरच्या परसात दिसेल. एखाददुसरं फळ इतर महिन्यांतही झाडावर मिळतं. दालचिनीची साल पावसाळ्यात काढतात, कारण तेव्हा ती खोडापासून सहज सुटते.

तारखा ठरवताना दोन गोष्टी विसरू नका. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत शबरीमलाची यात्रा असते. तामिळनाडूकडून येणारे भाविक कुमळीवरूनच पीरमेड, मुंडकयमकडे उतरतात, त्यामुळे कोट्टयम-कुमळी रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. तेव्हा जाणार असाल तर त्या घाटाला दोन तास जास्तीचे धरा. दुसरं, दिवाळीच्या सुट्टीत अर्धी मुंबई केरळात असते. वेलचीच्या भरात जायचंय आणि शाळेच्या सुट्टीची अट नसेल, तर दिवाळीच्या आधीचा किंवा नंतरचा आठवडा घ्या.

मुंबई ते कुमळी

विमानाने कोची दोन तासांच्या आसपास. विमानतळ नेडुंबासेरीला, शहराबाहेर. तिथून टॅक्सीने कुमळी साडेचार-पाच तास. सकाळचं विमान घ्या, म्हणजे घाट उजेडात चढाल. रात्रीच्या धुक्यात कुट्टिक्कानमच्या वळणांवर प्रवास करण्यात काही हशील नाही, आणि उजेडात हाच रस्ता सहलीचा पहिला धडा असतो: खाली रबर, मग थोडी कॉफी आणि मिरी, पीरमेड-वंडिपेरियारच्या बाजूला चहा, आणि कुमळीच्या पुढे वेलची. उंची वाढते तसं पीक बदलतं, हे खिडकीतून दिसतं.

रेल्वेने जायचं तर लोकमान्य टिळक टर्मिनसहून नेत्रावती एक्स्प्रेस आहे. ठाणे, पनवेलला चढता येतं. कोकण रेल्वेच्या मार्गाने एर्नाकुलमला पोचायला एक दिवसाहून जास्त लागतो, पण वेळ असेल तर मी हाच प्रवास निवडेन, निदान जाताना. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि गणपती, मे महिना, दिवाळी या दिवसांत ते लगेच भरतं. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं, तिकिटावरची वेळ पुन्हा तपासा. एर्नाकुलमहून कोट्टयममार्गे कुमळीला केरळ राज्य परिवहनच्या बस मिळतात. कोट्टयम ते कुमळी सुमारे ११० किलोमीटर, घाट धरून चार तास.

मदुराईमार्गेही जाता येतं. मदुराईहून थेनी, कंबम करत गाडी एकदम घाट चढते आणि कुमळीत शिरते. केरळ-तामिळनाडूची हद्द गावाला लागूनच आहे. तामिळनाडूच्या बाजूची कोरडी द्राक्षांची शेतं आणि वर चढल्याबरोबर लागणारी ओली वेलची हा फरक बघायचा तर ही वाट छान. मदुराईचं देऊळही होतं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर ही वाट सोयीची, कारण घाटाचा भाग छोटा आहे.

मुक्काम: फोनवर विचारायच्या गोष्टी

तेक्कडीला मोठ्या हॉटेलात उतरून मळा बघायला जाणं आणि मळ्यातच राहणं यात फार अंतर आहे. तोडणी सकाळी सुरू होते, ड्रायर रात्रीही चालू असतो. दोन्ही बघायचं तर मळ्यातल्या घरीच दोन रात्री काढा. कुमळी, आनक्करा, वंडनमेडू भागात असे होमस्टे बरेच आहेत. ‘प्लांटेशन’ हा शब्द नावात असला म्हणजे मळा चालता आहे असं नाही. काहींच्या अंगणात चार वेलची आणि एक मिरीचा वेल, एवढंच असतं.

म्हणून पैसे भरण्याआधी फोन करा. सर्वांत आधी विचारा की आम्ही येणार त्या आठवड्यात तोडणीची फेरी आहे का. खरा मळेवाला याचं उत्तर ताबडतोब आणि नेमकं देतो: मागची फेरी कधी झाली, पुढची कधी. मग विचारा, वेलची वाळवायचा ड्रायर स्वतःचा आहे की माल दुसरीकडे पाठवता. नंतर फवारणीचं विचारा. वेलचीवर कीटकनाशकं खूप वापरली जातात, आणि फवारणीच्या दिवशी किंवा लगेच नंतर त्या भागात जायचं नसतं. मळ्यात फिरवणार कोण, घरचं माणूस की बाहेरचा गाइड, हेही कळू द्या. आणि शेवटचा टप्पा आपली गाडी जाते की जीप लागते. या भागातले आतले रस्ते खडे आणि दगडी असतात. जीप लागली तर तिचे पैसे आधी ठरवा.

भाषेची अडचण वाटत असेल तर त्याचा उपाय आपल्या शेजारीच असतो. डोंबिवली, चेंबूर, नेरूळ, वसई, कुठेही मल्याळी शेजारी सापडतोच, आणि कोट्टयम-इडुक्कीकडचा निघाला तर त्याच्या नात्यात कुणाचा तरी मळा असण्याची शक्यता दांडगी. एक फोन त्यांच्याकडून मल्याळममध्ये गेला की बोलणी सुरळीत होतात. तिथे हिंदी फार चालत नाही. इंग्रजी चालते, मजूर बहुतेक तमिळ बोलतात.

मळ्यात: वेलची

आल्याचं आणि हळदीचं रोप ज्यांनी बघितलंय त्यांना वेलची ओळखता येते, कारण ती त्याच कुळातली. फक्त ती माणसाच्या डोक्यावर जाते. लांब पात्यांचे दाट झुपके, आणि फळ शोधायला लोक वर बघतात. फळ खाली असतं. झुपक्याच्या बुडातून बारीक, लवचीक तुरे निघून जमिनीवर पसरतात, त्यांवर फुलं आणि पुढे बोंडं धरतात. फूल पांढरं, आणि मधल्या पाकळीवर जांभळट रेघा. त्या रेघांवरून मधमाशी आत शिरते. तिच्याशिवाय फळ धरत नाही.

खाली बसून एक तुरा हातात घ्या, न तोडता. एकाच तुऱ्यावर टोकाला फूल, मध्ये कोवळी बोंडं आणि बुडाशी तयार झालेलं बोंड दिसेल. तोडणाऱ्या बायका यातलं फक्त तयार तेवढंच खुडतात. त्या ओणव्या होतात किंवा उकिडव्या बसतात, एका हाताने पानं बाजूला सारतात, दुसऱ्या हाताच्या बोटांनी तुरा चाचपतात. रंगावरून फारसं कळत नाही, कोवळं आणि तयार दोन्ही हिरवंच. बोटाला लागणारा भरीवपणा आणि देठ किती सहज सुटतो यावर त्या ठरवतात. तयार बोंड फोडून बघा: आतला दाणा काळसर झालेला असतो. पांढरा असेल तर ते लवकर तोडलं गेलं, आणि वाळल्यावर सुरकुतून हलकं होतं. लालबागेत स्वस्तात मिळालेली पोकळ वेलची आठवेल. तिची गोष्ट इथे सुरू होते. दिवसभर ओलसर उतारावर वाकून हे काम करणाऱ्या बायका बऱ्याचदा पहाटे कंबम, बोडीच्या बाजूने जीपमध्ये बसून घाट चढून येतात आणि संध्याकाळी परत उतरतात. चिमूटभर वेलचीत किती हात लागतात, ते इथे कळतं.

वर बघायलाही विसरू नका. वेलचीला थेट ऊन सोसत नाही, गाळून आलेला उजेड लागतो. म्हणून मळ्यावर मोठ्या जंगली झाडांचं छत राखलेलं असतं आणि पावसाळ्याआधी त्यांच्या फांद्या छाटून उजेड कमी-जास्त करतात. उंची ६०० ते १२०० मीटर, सावली, ओल आणि पानांचा कुजलेला थर, एवढं सगळं जुळावं लागतं. यातलं एक बिघडलं की काय होतं ते २०२४ च्या उन्हाळ्यात दिसलं. पावसाने ओढ दिली, उष्णता वाढली आणि इडुक्कीतली वेलची मोठ्या प्रमाणावर करपली. त्याआधी २०१८ चा महापूर आणि पुढच्या वर्षीचा लांबलेला पाऊस, यांमुळे २०१९ मध्ये वेलचीचे भाव कधी नव्हे इतके चढले होते. मळेवाल्याला त्या वर्षांबद्दल विचारा. याबद्दल ते मनापासून बोलतात.

इथे बहुतेक मळ्यांत ‘न्जळ्ळानी’ ही जात आहे. ती कुठल्या प्रयोगशाळेत तयार झालेली नाही. इडुक्कीतल्याच एका शेतकऱ्याने आपल्या मळ्यातलं भरघोस झुडूप हेरून ती निवडली आणि एकरी उत्पन्न कितीतरी वाढलं.

दुपारी माल ड्रायरवर येतो. आधी धुतात, मग जाळीच्या थरांवर पसरून बंद खोलीत साधारण ४५ ते ५५ अंशांच्या गरम हवेत १८ ते २४ तास ठेवतात. उष्णता वाढवली तर बोंडं फुटतात आणि रंग उडतो, कमी पडली तर बुरशी येते. उन्हात वाळवली तर हिरवा रंग राहत नाही, म्हणून ही सगळी यातायात. रात्री जेवल्यानंतर मालकाबरोबर ड्रायरच्या खोलीत एक चक्कर मारायची परवानगी मागा. दार उघडताच जो वास अंगावर येतो त्यात तिखटपणा आणि ओल दोन्ही असतात, डब्यातल्या वेलचीचा तो वास नव्हे. वाळून बाहेर आलेली वेलची गरम असतानाच घासतात, म्हणजे देठ आणि टोकाची वाळकी शेपटी निघते. चार-पाच किलो ओल्या वेलचीतून जेमतेम एक किलो हाती लागते. मग चाळण्यांवर आकार वेगळे होतात. आठ मिलिमीटर आणि त्यावरच्या बोंडाला सर्वांत चढा भाव.

मिरीचा वेल

मिरीचं पान पाहून मराठी माणूस थबकतो, कारण ते विड्याच्या पानासारखंच दिसतं. नागवेल आणि मिरी सख्ख्या कुळातल्या. वेल चढवायला पांगारा किंवा सिल्व्हर ओकचा आधार देतात. घोसातला एखादा मणी पिवळा-तांबडा व्हायला लागला की तो सबंध घोस तोडायचा. त्यासाठी जी शिडी वापरतात ती नक्की बघा: एकच उंच बांबू, त्याला दोन्ही बाजूंनी आडव्या खुंट्या. गडी ती झाडाला टेकवतो, कमरेला पिशवी बांधून चढतो आणि पायाच्या अंगठ्याने खुंटी पकडून दोन्ही हात मोकळे ठेवतो. तुम्ही चढू नका. ते वर्षानुवर्षांच्या सवयीचं काम आहे.

घोसातून मणी मोकळे करून चार-सहा दिवस उन्हात टाकले की हिरवी साल काळी पडून सुरकुतते; तीच आपली काळी मिरी. रंग एकसारखा यावा म्हणून काही जण आधी मिनिटभर उकळत्या पाण्यातून काढतात. पांढरी मिरी वेगळ्या झाडाची नसते, पिकलेले मणी भिजवून साल काढली की ती होते. तीन किलो ओल्या मिरीची साधारण एक किलो सुकी मिरी. जुनी ‘करिमुंडा’ आणि कन्नूर जिल्ह्यातल्या पन्नियूर केंद्राची ‘पन्नियूर-१’ अशा दोन जातींचे दाणे मागून शेजारी ठेवा. पन्नियूरचा घोस लांब, दाणा मोठा.

बाकीची झाडं

दाखवण्याच्या बागेचा एक तास इथे कामी येतो. जायफळाचं पिवळट फळ उकलतं तेव्हा आत काळपट कवच आणि त्याला बिलगलेली लालभडक जायपत्री दिसते. सुकल्यावर ती केशरी-पिवळी पडते. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. लवंग म्हणजे न उमललेली कळी. फूल उमललं की लवंग गेली. दालचिनीच्या पानावर लांबीच्या तीन ठळक शिरा शोधा. व्हॅनिला ही ऑर्किडची जात. फूल एकच दिवस उघडं असतं आणि हाताने, बारीक काडीने परागण करावं लागतं. २००३-०४ च्या सुमारास व्हॅनिलाचे भाव गगनाला भिडले, केरळात घरोघरी वेल लागले आणि लवकरच भाव कोसळले. आता मोजकेच वेल दिसतात. कुडंपुळी जरूर बघा, मल्याळी मंडळी माशात घालतात ती आंबट फळं. आपल्या कोकमाचीच बहीण.

वागणं, पाय आणि जळवा

मळ्यात पानं-फळं स्वतःहून तोडू नका. मालकाचा माल तर आहेच, शिवाय फवारणी झालेली असू शकते. दिलं तर धुऊन चाखा. तोडणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, आणि त्यांना थांबवून पोझ द्यायला लावू नका. त्यांची मजुरी त्या वेळेत मिळवायची असते. वेलचीचे तुरे जमिनीवर पसरलेले असतात, त्यामुळे चालताना पाय फक्त वाटेवरच. एका चुकीच्या पावलाने पुढच्या फेरीची फळं जातात, आणि मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

पकड असलेले बूट घाला, चपला नकोत. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वरून खाली उतरणारी वाट मागू नये, सपाट भाग दाखवायला सांगावा. मळेवाले समजून घेतात. पावसात आणि त्यानंतर जळवा असतात. पायमोज्यात पँट खोवा, मोज्यांवर मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा, आणि चिकटलीच तर ओढू नका. नख तिच्या तोंडापाशी सरकवून सोडवा. थोडा वेळ रक्त वाहतं, घाबरायचं कारण नाही. पूप्पारा, चिन्नकनालच्या बाजूला हत्तींचा वावर आहे. अंधार पडल्यावर मळ्यातून एकट्याने फिरू नका, आणि मालकाने आत या म्हटलं की आत या.

लिलाव आणि मुन्नारचा रस्ता

कुमळीहून तासाभराच्या आत पुट्टडी. तिथे केंद्र सरकारच्या मसाला मंडळाच्या (स्पायसेस बोर्ड) स्पायसेस पार्कमध्ये वेलचीचा ई-लिलाव होतो. दुसरं लिलावाचं ठिकाण घाटाखाली तामिळनाडूत बोडिनायकनूरला. व्यापाऱ्यांसमोर नमुने येतात, ते मूठभर वेलची उचलून तळहातावर फिरवतात, आणि बोली संगणकावर लागते. हा पर्यटकांसाठीचा कार्यक्रम नाही, त्यामुळे थेट जाऊन उभं राहू नका. ज्या मळ्यात उतरलात त्याच्या मालकाला आधी विचारा. त्याचाच माल तिथे जाणार असतो. आत जाणं जमलं नाही तरी रोजच्या लिलावाचा सरासरी भाव मसाला मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतो. खरेदीआधी तो बघायची सवय लावा.

पुढे मुन्नारला जाणार असाल तर वंडनमेडू, नेडुंकंडम, उडुंबनचोला, पूप्पारा ही वाट सांगा. वेळ लागतो, पण तासन्‌तास दोन्ही बाजूंना वेलची असते. याच पट्ट्यात मयिलाडुंपाराला मसाला मंडळाची वेलची संशोधन संस्था आणि पांपाडुंपाराला केरळ कृषी विद्यापीठाचं केंद्र आहे. कोकणात ज्यांची स्वतःची वाडी आहे, त्यांनी पत्र पाठवून भेट ठरवावी.

खरेदी: काय, किती, कशी

मी मळ्यातूनच घ्यायला सांगेन, आणि बेताने. वेलची घेताना चार बोंडं सोला. दाणे काळसर, चिकट, एकमेकांना धरून बसलेले हवेत. सुटे, फिके, कोरडे दाणे म्हणजे जुना किंवा कोवळा माल. रंग फार झगझगीत हिरवा वाटला तर ओल्या पांढऱ्या रुमालात चोळा. रुमालाला हिरवा डाग पडला तर ठेवून द्या. भाव आकाराने ठरतो, चवीने नव्हे. खिरीत, चहात कुटून टाकायला सात मिलिमीटरची भरीव वेलचीही पुरते. आठ मिलिमीटरची, भेट द्यायची असेल तर.

मिरी पाण्यात टाकून बघा: भरीव दाणा बुडतो, पोकळ दाणे आणि भेसळीतल्या पपईच्या बिया तरंगतात. लवंगेच्या डोक्याखाली नख दाबलं की तेल आलं पाहिजे. दालचिनीच्या सुरळीत पातळ पापुद्र्यांचे अनेक थर हवेत. जाड सालीची एकच गुंडाळी म्हणजे बाजारातली स्वस्त कॅसिया. जायफळ कवचासकट घ्या आणि कानाशी हलवा. आत खुळखुळलं तर नीट सुकलंय. बागेच्या दुकानात गुडघेदुखीपासून केसगळतीपर्यंत सगळ्यावरची तेलं असतात. ती न घेताही तुमची सहल पूर्ण होते.

पुड्या कुटलेल्या घेऊ नका. कुटलं की वास उडायला लागतो, आणि विमानात हातातल्या सामानात पुडी काढायला लावतात. अख्खे मसाले चेक-इन बॅगेत, दुहेरी पिशवीत. घरी आल्यावर वेलची काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, उजेडापासून दूर. मुंबईच्या पावसाळ्यात बरणी वारंवार उघडू नका. महिन्यापुरती वेलची छोट्या डबीत काढून घ्या.

कोचीला परतताना अर्धा दिवस उरला तर मट्टांचेरीत जा. जू टाउनच्या आसपास सुंठ आणि मिरीच्या जुन्या वखारी आहेत. डोंगरात बघितलेला माल जहाजावर चढण्याआधी कुठे थांबत असे, ते तिथे बघायला मिळतं.

केरळ यंदा जमत नसेल तर

रत्नागिरीजवळ भाट्याला प्रादेशिक नारळ संशोधन केंद्र आहे. नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी, मिरी, लवंग अशी आंतरपिकं घेण्याची ‘लाखी बाग’ तिथे बघता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण तेज’ ही दालचिनीची आणि ‘कोकण सुगंधा’ ही जायफळाची जात दिली आहे. रोपवाटिकेत रोपं विचारा, बाल्कनीत दालचिनी कुंडीतही जगते. गोव्याला जाणं होणार असेल तर फोंड्याजवळची सावईवेरे, केरीची कुळागरं, म्हणजे नारळ-सुपारी-मसाल्यांच्या बागा, अर्ध्या दिवसात होतात. उंची नसल्याने या कुठल्याच ठिकाणी वेलचीचा भरगच्च मळा मिळणार नाही. मिरी आणि जायफळ मात्र मनसोक्त बघाल, आणि डिसेंबर-जानेवारीत गेलात तर मिरीची तोडणीसुद्धा.